पावसाळाभर उभी असलेली पद्मिनी चालू होत नाही, दसऱ्याआधी मार्ग सुचवा

शहापूर_पद्मिनी

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पहिल्या दिवसापासून बाबांनीच चालवलेली. खंडेनवमीला तिची पूजा करायची आणि दसऱ्याला तिच्यातून बेळगावजवळच्या राजहंसगडाला जायचं, हे माझ्या आठवणीत कधी चुकलेलं नाही. बाबांचे गुडघे धरले तेव्हापासून, गेली दोन वर्षं, गाडी बघायचं काम माझ्याकडे आलंय.

मे अखेरीस परसातल्या कौलारू शेडमध्ये लावली. पाऊस लागला आणि जूननंतर मी तिला हातच लावला नाही. गणपती झाले, शेड उघडलं, तर गाडी चालूच होईना. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही. फट् सुद्धा म्हणत नाही.

आतापर्यंत बॅटरी नवी घातली, चारही प्लग नवे घातले, चोक ओढून बघितला. प्लग काढून बॉडीला टेकवला तर ठिणगी पडते. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर आहे. एक मेकॅनिक येऊन गेले. दहा मिनिटं सेल्फ मारला आणि म्हणाले, कार्बोरेटर आणि पंप दोन्ही बदला, साडेआठ हजार होतील. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "बिघडलंय काय ते आधी दाखवा, मग बदला की." ते गृहस्थ गेले ते परत आले नाहीत.

दसऱ्याला अठरा दिवस आहेत. कुठून सुरुवात करू?

कॅम्प_बुलेट

पेट्रोल चार महिन्यांचं झालंय. आधी ते काढा.

उद्यमबाग_फिटर

बाबांचं बरोबर आहे. एकही पार्ट विकत घेऊ नका.

सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर बाजूला ठेवा. राहतं काय? ठिणगी, पेट्रोल आणि कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चालत्या गाडीचं कंप्रेशन चार महिने उभी राहून सहसा जात नाही, ते शेवटी बघू. ठिणगी आणि पेट्रोल यांत नेमकं काय चुकतंय ते आधी ठरवायचं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

"ठिणगी पडते" एवढ्याने भागत नाही. कसली पडते? पिवळसर, केसासारखी बारीक, की निळी-पांढरी आणि टक् टक् आवाज करणारी? उघड्या हवेत पिवळी ठिणगीसुद्धा दिसते, पण सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत तीच विझून जाते. संध्याकाळी अंधारात बघा.

पिवळी असेल तर डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना करंट वाटून देणाऱ्या डब्याचं, झाकण काढा. आत पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, दिसतील. पावसाळ्यात आपल्याकडे त्यावर पांढरट-करडी साय धरते. बारीक पॉलिश पेपर एकदोनदा हलक्या हाताने फिरवा, मग कोरा जाड कागद, लग्नपत्रिकेचा असतो तसा, मध्ये धरून ओढून घ्या, म्हणजे कचरा आणि तेलकटपणा निघतो. गॅप फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्या) बघा, साधारण ०.४५ मिमी. झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसा, बारीक तडा असेल तर दिसेल. तिथे ओल धरली की करंट भलतीकडे पळतो.

मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात अर्धा चमचा ताजं पेट्रोल घाला आणि सेल्फ मारा. दोनतीन सेकंद पकडून बंद पडली तर ठिणगी ठीक आहे, पेट्रोल पोचत नाही. काहीच झालं नाही तर परत ठिणगीकडे या.

दोन गोष्टी पाळा. पेट्रोल घातल्यावर बाटली लांब ठेवा, झाकण लावून. आणि तोंड कार्बोरेटरवर आणू नका. उलटा भडका आला तर भुवया जातात, माझ्या डोळ्यांदेखत एका पोराच्या गेल्यात.

टिळकवाडी_जुने_घर

फिटरभाऊंचा मान राखून सांगतो, माझ्या मते हा एसी पंपच आहे. (नव्या लोकांसाठी: इंजिनाला बाजूने लावलेला पेट्रोलचा पंप. थंड हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही, आपल्या भागात त्याला सगळे एसी पंपच म्हणतात.) माझ्याकडे २२ वर्षं फियाट (पद्मिनीचंच जुनं नाव) होती. आतला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल खेचणारा पडदा, कडक झाला की पंप नुसता हलतो, खेचत नाही. पंप बदला म्हणणारा मेकॅनिक अगदीच चुकीचा नसेल.

उद्यमबाग_फिटर

काका, नसेलही चुकीचा. पण त्याने पंप उघडून किंवा पाइप सोडून बघितला का? बघितला असता तर मी पण गप्प बसलो असतो.

सदलगा_रोड

मूळ कारण कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. ई२०! ज्या गाड्यांचं रबर साध्या पेट्रोलसाठी बनवलंय त्यांत २० टक्के इथेनॉल घालतात. ते रबर फुगवतं, पाणी ओढून घेतं, ॲव्हरेज खातं. १९८६ च्या गाडीने काय करायचं? आणि पंपावर दुसरं काही सहसा मिळतही नाही.

हुक्केरीचा_ऊस

सदलगा दादा, तुमची गाडी जशी तुम्हाला प्यारी, तसा आम्हाला ऊस. हुक्केरी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात किती घरं उसावर चालतात ते तुम्हाला मी सांगायला नको. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावं असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. साखर गोदामात पडून राहिली की कारखाना म्हणतो पैसे नाहीत. उसापासूनचं इथेनॉल तेल कंपन्या उचलतात, पैसा फिरतो. माझ्या वडिलांनी वर्ष-वर्ष बिलाची वाट बघितलेली मी बघितलीय. इथेनॉलला नुसतं खलनायक ठरवू नका.

सदलगा_रोड

तुमच्या घरच्या गोष्टीपुढे मी काही बोलणार नाही. माझं मागणं एवढंच की जुन्या गाड्यांसाठी एखाद्या पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवावं. शेतकऱ्याचंही भलं व्हावं, या पद्मिनीचंही.

हुक्केरीचा_ऊस

याला माझा पाठिंबा आहे.

जांबोटीकर

धाग्यात शिरून माझं पण विचारतो, रागावू नका. माझी वडापची (शेअर प्रवासी) कमांडर जीप हाय, डिझेल. रात्री घरासमोर चढाला तोंड करून लावतो. सकाळी सेल्फ मारला की फिरत राहतंय, पकडत नाही. ढकलून खाली सोडली की पाचशे मीटरवर चालू होतंय. कणकुंबीची माणसं सहाला उभी असतात, त्यांना काय सांगू?

उद्यमबाग_फिटर

जांबोटीकर, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का?

जांबोटीकर

नाय. काहीच येत नाय.

उद्यमबाग_फिटर

मग डिझेल पोचतच नाही. एअर धरतेय. टाकी मागे, इंजिन पुढे, आणि तुम्ही तोंड चढाला लावता. कुठेतरी बारीक फट आहे. रात्रभर तिथून हवा आत शिरते आणि लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं. आज रात्री सपाटीला लावून बघा, सकाळी फरक पडेल. पण तो इलाज नव्हे. डिझेल फिल्टरचं वायसर (वॉशर), टाकीपासूनच्या पाइपचे क्लिप, पाइप जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टाची तांब्याची वायसरं, हे सगळं कोरडं पुसून ठेवा आणि गाडी चालू असताना कुठे ओल येते ते बघा. मग एअर काढा: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं, फेस थांबून नितळ डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा.

पांढरा धूर येत असता तर मी हीटर प्लग (गार इंजिन आतून तापवणारे) बघा म्हटलं असतं, म्हणजे ज्या इंजिनाला ते आहेत त्यांच्यासाठी. धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही.

जांबोटीकर

सपाटीला शाळेसमोर लावली हुती. सकाळी एका सेल्फला उठली! फिल्टरच्या वायसरला वरनं नख लावलं तर तुकडाच हातात आला. उद्या खानापुरातनं नवीन आणतो. लई उपकार.

खानापूर_येझदी

जुन्या गाड्यांचा विषय निघालाय म्हणून. माझ्याकडे म्हैसूरची येझदी मोटारसायकल आहे. तो कारखाना १९९६ ला बंद पडला, पण गाडी अजून लोंढ्यापर्यंत रोज जाते. किक आणि गियर एकाच दांडीवर असल्यामुळे नवीन मेकॅनिक पोरं बघतच राहतात. सारखा चोक ओढून किक मारली की प्लग ओला होतो, मग कितीही मारा, उठत नाही. तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून दहा किक. आतलं जादा पेट्रोल बाहेर जातं आणि पकडते. शहापूरकर, तुम्ही चोक ओढून बराच वेळ सेल्फ मारला असेल तर तुमचे नवे प्लगही ओले झाले असतील. काढून हुंगून बघा.

शहापूर_पद्मिनी

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी बसलो. ठिणगी पिवळीच होती, फिटरभाऊ. पॉइंटवर तुम्ही म्हणालात तशी साय, बोट लावलं तर पीठ लागावं तशी. साफ केले, गॅप लावला. आता निळी ठिणगी, टक् टक् आवाज ओट्यापर्यंत ऐकू येतो. बाबा म्हणाले, "हां, हा आवाज."

येझदीवाले, प्लग काढून हुंगले. खडखडीत कोरडे, पेट्रोलचा वासही नाही.

मग कार्बोरेटरमध्ये अर्धा चमचा घातला. गाडी पकडली! चार सेकंद चालली आणि बंद. परत घातलं, परत चार सेकंद. आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

उद्यमबाग_फिटर

प्लग कोरडे होते तिथेच उत्तर होतं, मी ते आधी विचारायला हवं होतं. येझदीवाल्यांनी बरोबर नेम धरला. आता पेट्रोलच्या मागे लागा.

टिळकवाडी_जुने_घर

एसी पंप. मी सांगितलं होतं.

वडगावची_लेक

थांबा काका, पंपाला अजून शिक्षा नको. माझ्या वडिलांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, शाळा सुटली की मी काउंटरला असायचे. नवा पंप घेऊन गेलेले निम्मे लोक दोन दिवसांत "चालत नाही" म्हणून परत आणायचे. बिघाड दुसरीकडेच असायचा.

पंपाची परीक्षा सोपी आहे. टाकीकडून पंपात येणारा पाइप सोडा. त्या जागी एक नवा पाइप लावून त्याचं दुसरं टोक ताज्या पेट्रोलच्या लहान कॅनमध्ये बुडवा. पंपातून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून रिकाम्या बाटलीत धरा. कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. बाटलीत झटक्या-झटक्याने धार आली तर पंप चांगला आहे आणि अडथळा मागे आहे, टाकी ते पंप यांच्यामध्ये. धार नाही आली तर टिळकवाडी काकांचा विजय.

आणि पाइपला तोंड लावून पेट्रोल ओढू नका. बरेच जण ओढतात. ते फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं.

कॅम्प_बुलेट

ताई, तुमच्या बाबांचं दुकान गोवावेसला होतं का? मी तिथून क्लचची केबल घेतलेली आठवते.

वडगावची_लेक

नाही, दुसरीकडे. पण केबल टिकली असेल तर आमचीच म्हणा. :)

शहापूर_पद्मिनी

ताई, धार आली! दर झटक्याला पिचकारीसारखी. टिळकवाडी काका, पंप निर्दोष आहे. साडेआठ हजारांतली निदान एक वस्तू तरी वाचली.

मग टाकीकडे गेलो. टाकीतून निघणाऱ्या पहिल्याच रबरी पाइपचा तुकडा बाहेरून चांगला दिसत होता. काढून उजेडाकडे धरला तर आरपार दिसेना. ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून मऊ पडलेलं, नखाने काळी साल निघत होती, मध्ये काडी जाईल एवढीच जागा, आणि तीही सालींनी बुजलेली.

पुढची गोष्ट मला जास्त लागली. हातपंपाने टाकी तळापर्यंत उपसली आणि काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवली. अर्ध्या तासाने बाटलीत आडवी रेघ. वर पेट्रोल, खाली दोन बोटं वेगळंच काहीतरी, गढूळ, तळाला तांबूस गाळ. बाटली तिरकी केली की रेघ पण तिरकी होते. बाबा बराच वेळ ती बाटली हातात घेऊन बसले होते. मग म्हणाले, "पावसाळ्यात टाकी भरून ठेवायची असते रे." हे ते मला दरवर्षी सांगायचे. यंदा मी पाव टाकीवरच लावली होती.

सदलगा_रोड

बघा. हेच मी म्हणत होतो.

उद्यमबाग_फिटर

सदलगा दादा, निम्मं तुमचं बरोबर. खाली बसलंय ते पाणी आणि इथेनॉल. इथेनॉलचं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादेबाहेर पाणी झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. टाकीतून पेट्रोल तळाकडून उचललं जातं, म्हणजे इंजिनला आधी तेच जाणार. पाइप मोकळा असता तरी गाडी उठली नसती.

पण दोन बोटं थर नुसत्या दमट हवेने जमत नाही. टाकी भरलेली असली की हवेला जागा कमी राहते, बाबांचा नियम त्यासाठी खरा आहे. तरी एवढं पाणी बाहेरून आलंय. शहापूरकर, पेट्रोलच्या झाकणाचं वायसर बघा आणि वर छप्पर बघा.

शहापूर_पद्मिनी

तुम्ही इथे बसून कसं ओळखलं? शेडचं एक कौल सरकलंय, नेमकं पेट्रोल भरायच्या तोंडाच्या वर. खाली जमिनीवर थेंबांनी खड्डा पडलाय. झाकणाचं वायसर चिरलेलं. म्हणजे महिनोन्‌महिने थेंब थेंब गळत होतं आणि मी एकदाही शेडमध्ये डोकावलो नाही.

हुक्केरीचा_ऊस

शहापूरकर, मनाला लावून घेऊ नका. यंदा आमच्या गोठ्याची पण चार कौलं सरकली.

शहापूर_पद्मिनी

सहा दिवसांनी लिहितोय. टाकी दोनदा धुतली. टाकी ते पंप लाइन उलट्या बाजूने हवा मारून मोकळी केली. सगळे रबरी पाइप नवे घातले, इथेनॉल चालेल असे मागून घेतले. कार्बोरेटरची वाटी उघडून पुसली, तळाला तोच तांबूस गाळ होता. फिल्टर नवा, पेट्रोल ताजं. तिसऱ्या सेल्फला गाडी उठली आणि थांबली नाही! गल्लीतली पोरं जमली.

पण एक नवीन घोळ आहे. दहा-बारा मिनिटं छान चालते, इंजिन तापलं की आचके देते आणि बंद. अर्धा तास थांबलं की परत उठते.

टिळकवाडी_जुने_घर

आता मात्र मी सांगतो ते ऐका. व्हेपर लॉक. इंजिन तापलं की पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होते. फियाटला हे होतंच. चोर्ला घाटात आम्ही एसी पंपावर ओलं फडकं टाकून पुढे जायचो.

उद्यमबाग_फिटर

काका, शक्य आहे. पण कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेली छोटी डबी, पण असाच वागतो. गार असताना चांगला, तापला की आत गळती होते आणि ठिणगी मरते. दोन्हींची लक्षणं बाहेरून एकच. बंद पडली की वाट बघू नका, त्याच क्षणी ठिणगी बघा. निळी असेल तर काकांचं ओलं फडकं. पिवळी पडली असेल तर कंडेन्सर. आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पॉइंट उघडताना तिथे मोठी चमक उडत असेल तर शंकाच नको.

शहापूर_पद्मिनी

पिवळी! आणि पॉइंटवर चमक अशी की वेल्डिंगची आठवण यावी.

कंडेन्सर आणायला निघालो तर बाबांनी थांबवलं. माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला लावला. आत रोटर, दोन पॉइंटचे सेट, फ्यूज, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोरा कंडेन्सर. सगळ्यांवर पेनने खरेदीची तारीख. कंडेन्सरवर १९९४. मला वाटलं इतका जुना चालणार नाही. बाबांनी मला स्क्रू कुठला सोडायचा, वायर कशी दाबायची नाही, हे खुर्चीवरून सांगितलं आणि मी बसवला.

चाळीस मिनिटं परसात चालू ठेवली. एकदाही आचका नाही.

वडगावची_लेक

तारीख घालून ठेवणारे गिऱ्हाईक आमच्याकडे बोटावर मोजण्याइतके होते. बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि एक नवा कंडेन्सर आणून त्या डब्यात तारीख घालून ठेवा.

शहापूर_पद्मिनी

ठेवला, ताई. बाबांनीच तारीख घातली.

दसऱ्याला राजहंसगडाला जाऊन आलो. जाताना येळ्ळूरपर्यंत मी चालवली, पुढे दोन किलोमीटर बाबांनी. क्लच दाबताना गुडघा दुखत होता, पण गाडी सोडायला तयार नव्हते. सोनं द्यायला फिटरभाऊ आणि ताई, तुमच्या घरी यायचंय. पत्ता निरोपात कळवा.

टिळकवाडी_जुने_घर

आणि मला?

शहापूर_पद्मिनी

काका, तुमच्याकडे सगळ्यात आधी. ओलं फडकं गाडीत ठेवलंय, उन्हाळ्यात चोर्ल्याला लागेलच.

खानापूर_येझदी

शहापूरकर, इथेनॉल चालणारा पाइप कुठल्या मापाचा घेतलात? माझ्या येझदीचा कॉकखालचा पाइप आज दाबून बघितला तर च्युइंगमसारखा लागला.

शहापूर_पद्मिनी

माप सांगण्यापेक्षा जुना तुकडा खिशात घालून दुकानात जा. आतलं भोक जुळवून घ्या, बाहेरची जाडी नव्हे. आणि दोन क्लिपा जास्त घ्या.